वावराची वरची माती

लग्न होऊन मी खाप्याला आले, तेव्हा सासऱ्यांचं वावर कन्हानच्या काठाला होतं. पुरांनी आणलेला गाळ तिथे पिढ्यान्‌पिढ्या साचलेला. हरभरा पेरला की पुढे फारसं बघावं लागत नसे. सत्तरच्या दशकात नागपूर चहूकडे पसरू लागलं आणि विटांना मागणी आली. एका हिवाळ्यात शेजारच्या वीटभट्टीचा मालक ओसरीवर येऊन बसला. त्याला आमच्या वावराची वरची हातभर माती हवी होती.

माझे यजमान नागपुरात गांधीबागेत दुसऱ्याच्या कापड दुकानात कामाला होते. स्वतःचं दुकान काढायचं कधीपासून त्यांच्या मनात होतं. ते म्हणाले, "माती तं जाऊन राहिली, वावर थोडंच जाऊन राहिलं? जमीन आपलीच राहीन." सासरे विडी ओढत बसले. हो म्हणेनात, नाही म्हणेनात.

मला मात्र चैन पडेना. भाकरी थापताना तेच, पाणी भरताना तेच. मी नागपुरात वाढलेली, शेतीतलं मला काय कळणार असं घरात सगळ्यांना वाटे. पण माहेरच्या मोहल्ल्यामागे जुन्या भट्टीसाठी खणलेली जमीन मी बघितली होती. भट्टी केव्हाच उठली, तिथे बेशरमाच्या झुडपांखेरीज काही उगवलं नाही.

एका संध्याकाळी जेवण वाढताना मी सासऱ्यांना विचारलं, "मामाजी, हातभर माती साचाले किती पूर लागले असतीन?"

"मले काय ठाऊक," ते म्हणाले. "माह्या बापालेबी ठाऊक नसन."

यजमानांनी घास खाली ठेवला. "काहून वं, दुकान नको तुले?"

"पाह्यजे नं. पण तुम्ही मातीचा भाव करून राहिले. तिच्यात दरसाल पिकते त्याचा भाव कोण करन?"

दोन दिवसांनी सासऱ्यांनी अर्ध्या वावराची माती द्यायची ठरवली. त्यात यजमानही खूश नव्हते, मीही नव्हते.

माती गेली. खाली पांढुरका मुरूम उघडा पडला. पुढच्या पावसाळ्यात जे होईल असं कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं, ते झालं. राखलेल्या अर्ध्या वावराची कड ढासळून खालच्या भागात वाहू लागली. मी आणि धाकट्या नणंदेनं त्या कडेला निरगुडीच्या फांद्या खोचल्या, गवताचे ठोंब लावले. सुट्टीच्या दिवशी यजमान वावरात आले, आम्हाला बघत थोडा वेळ उभे राहिले आणि लोखंडी सबल घेऊन खड्डे करू लागले.

दुकान निघालं आणि चाललंही. मुलं त्यावरच शिकली, हे मी नाकारत नाही. खणलेल्या भागात तीळ टाकून पाहिले, ते घोट्याएवढे वाढून वाळले. कड काही ठिकाणी धरली, काही ठिकाणी सुटत राहिली.

आम्ही नागपुरात राहायला आलो तरी पाऊस जोराचा लागला की मी खिडकीपाशी जाऊन उभी राहायची.

"इथं पडून राहिला म्हणून खाप्यात पडून राहिला असं नसते," यजमान म्हणायचे. थोड्या वेळानं तेच छत्री काढायचे आणि आम्ही खाप्याची बस धरायला निघायचो.