दुसऱ्या सीटचं वजन

विमान कोणतं घ्यायचं हे ठरायच्या आधी दुसऱ्या सीटवर कोण बसणार हे ठरलं होतं. दुसरी सीट दादाची. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. मी फौजेत हेलिकॉप्टरचा मेकॅनिक म्हणून चोवीस वर्षं काढली आणि त्या चोवीस वर्षांत कराडजवळचा आमचा मळा यानं एकट्यानं ओढला. माझ्या वाटणीच्या उसालाही यानंच पाणी पाजलं. 'कवा येणार' असं त्यानं एकदाही विचारलं नाही. मी कायमचा घरी आलो त्या दिवशी गोठ्यापाशी उभा राहून तो एवढंच म्हणाला, "लोकांची इमानं लय नीट केलीस. आता एकदा मला वर ने. आपला मळा वरनं कसा दिसतो ते बघायचंय." आयुष्यात त्यानं माझ्याकडं मागितलेली ही एकच गोष्ट. ती मी देणार होतो, त्यात वाद नव्हताच.

मग मी लहान विमानं उडवायचं लायसन काढलं. आणि ठरवलं की विमान घरीच बांधायचं. हो, घरी. सुटे भाग पेट्यांतून येतात, सोबत नकाशे येतात आणि आपण शेडमध्ये ते जोडायचं. परवानग्यांच्या कागदांची फाइल वेगळी, ती माझ्या कपाटात आहे, तिची गोष्ट सांगायला बसलो तर विमान राहील बाजूला. गावात बोभाटा झाला, फौजीच्या डोक्यावर परिणाम झालाय म्हणून. होऊ दे. बर्फात बोटं बधिर झालेली असताना मी इंजिनं उघडून बसवलीत. माळावरच्या शेडमध्ये, चहा पीत, ऊन खात विमान जोडायला मला कसली भीती?

आणि विमानही साधं नको होतं. पाण्यावर उतरणारं आणि चाकांवरही उतरणारं हवं होतं. लोकांना वाटलं ही चैन आहे. अहो, चैन कसली? मेढ्याकडच्या डोंगरांवर जाऊन बघा एकदा. तिथं इंजिन बंद पडलं तर उतरायला सपाट जागा एकच, ती म्हणजे धरणाचं पाणी. आणि घरी परत यायला आमचा स्वतःचा मुरमाड माळ आहे, तिथं गवतसुद्धा धड उगवत नाही. म्हणजे तिकडं पाणी, इकडं माळ. दोन्हीकडं चालेल असंच यंत्र पाहिजे.

सहा महिने मी नुसतं वाचत होतो. शेवटी दोनच विमानं उरली. दोघांचंही पोट होडीसारखं, इंजिन डोक्यावर. पहिलं फायबरचं, गुळगुळीत, पांढरंशुभ्र, वेगाला एकदम तेज. त्याची चाकं बटण दाबलं की आपोआप पोटात जात. दुसरं नळ्यांचं आणि कापडाचं, पंख भले रुंद, वेग बेताचाच. त्याची चाकं हातानं दांडा ओढून वर घ्यायची आणि वर गेली की नाही ते सीटवरून मान वळवून दिसायचं. आता मेकॅनिक म्हणून यातलं कुठलं घ्यायचं ते मला पहिल्या दिवशीच कळायला हवं होतं. चाकं खाली राहिली आणि तसंच पाण्यावर टेकलो तर नाक पाण्यात घुसतं आणि विमान पालथं होतं. अशा यंत्रांत सगळ्यात मोठा धोका हाच. चाकं डोळ्यांनी दिसणं म्हणजे अर्धी काळजी मिटली. पण पहिल्याचा फोटो मी मोबाइलवर ठेवला होता आणि दिवसातनं दहा वेळा बघत होतो. नव्या पोरीचं स्थळ बघितल्यासारखं झालं होतं माझं.

राहिला वजनाचा हिशोब. धावपट्टीवर दहा किलो जास्त झाले तर विमान थोडं लांब पळतं आणि उठतं. पाणी तसं ऐकत नाही. पाणी पोटाला धरून ठेवतं. विमानाला आधी स्वतःच्याच लाटेवर चढावं लागतं, मग ते वरच्यावर घसरत पळतं, मग उठतं. वजन जास्त झालं की ते लाटेवर चढतच नाही. इंजिन बोंबलत राहतं, पोट पाण्यात रुतलेलं राहतं आणि समोरचा काठ जवळ येतो. दादाला हे सांगितलं तर म्हणाला, "म्हस डुंबल्यागत." बरोबर तसंच.

पहिल्या विमानात पेट्रोल भरून माणसांसाठी दीडशे किलो उरत होते. मी मळ्यात गेलो आणि विचारलं, "दादा, तुमचं वजन किती?"

"चौऱ्याहत्तर," दादा खुरपं न थांबवता म्हणाला.

माझं अडुसष्ट. दोन्ही मिळून एकशे बेचाळीस. आठ किलो शिल्लक! मी वहीत आकडा लिहिला, खाली दोन रेघा मारल्या आणि त्या रात्री घोडे विकून झोपलो.

आता माझा गाढवपणा ऐका. दादा तरुणपणी सांगलीच्या तालमीत होता. चौऱ्याहत्तर किलोच्या गटात कुस्त्या मारायचा. त्याला आता पस्तीस वर्षं झाली. पण आमच्याकडं पैलवानाला वजन विचारलं की तो शेवटच्या कुस्तीचं सांगतो. मरेपर्यंत तेच सांगतो. आणि समोरचा मान हलवतो, कारण पैलवानाच्या वजनावर कुणी बोट ठेवत नाही. दादाच्या सदऱ्याचं माप किती वेळा वाढलं ते अख्ख्या गावाला माहीत आहे. मीसुद्धा रोज त्याच्या पंक्तीला जेवतो. तरी चौऱ्याहत्तर लिहिलं! आणि माझे अडुसष्ट तरी कुठले? फौजेतल्या शेवटच्या मेडिकलच्या कागदावरचे. पट्ट्याला मी स्वतः दोन नवी भोकं पाडलीत, ती विसरलो.

यात लाज वाटावी अशी गोष्ट वेगळीच आहे. उंच पहाडात हेलिकॉप्टर भरताना जवानांना काट्यावर चढवायचं काम माझंच होतं. बूट, बंदूक, पाठीवरचा पिट्टू, सगळं धरून. तोंडी सांगितलेलं वजन मी कधीच घेतलं नाही. एखादा साहेब म्हणायचा, "सत्तर लिखो यार," तर मी म्हणायचो, "सर, काँटे पे आइए." तोच मी!

विमानवाल्यांना ऑर्डर पाठवायची तर त्यांचा एक फॉर्म होता. त्यात शेवटी लिहिलं होतं, दोघांची वजनं काट्यावर करून भरा, विचारून भरू नका. वाचलं आणि माझी कानशिलं तापली. चोवीस वर्षं जे मी दुसऱ्यांना शिकवलं ते मला कुणीतरी सातासमुद्रापलीकडून शिकवत होतं.

दुसऱ्या दिवशी दादाला म्हणालो, "उद्या सकाळी गुऱ्हाळावर या. वजन करायचंय."

"कशाला? सांगितलंय की तुला."

"कागदाला लागतंय."

वैनी भाकरी थापत होत्या, त्यांना हसू आवरेना. "आवं, गुळाची ढेप चढती त्या काट्यावं, तुमी चढा की. काटा काय चावतोय व्हय?" दादानं त्यांच्याकडं असं बघितलं की मीच उठून बाहेर गेलो.

सकाळी गुऱ्हाळावर आम्ही दोघंच. हंगाम सुरू व्हायचा होता, चुलाण गार होतं. शेडमध्ये गुळाच्या ढेपा तोलायचा काटा होता, वर लाल आकडे उमटणारा. आधी मी चढलो. त्र्याऐंशी.

दादा मांडीवर थाप मारून हसला. "अडुसष्ट म्हणं! फौजी खोटं बोलतोय रं!"

"आता तुमी या."

दादानं वहाणा काढल्या. मग घड्याळ काढलं. मग खिशातली पान-सुपारीची चंची काढून चुलाणाच्या कट्ट्यावर ठेवली. आखाड्यात उतरायच्या आधी करावं तसं, एकेक, सावकाश. त्यानं श्वास सोडला आणि काट्यावर पाय ठेवला.

एकशे चार.

दोघं मिळून एकशे सत्त्याऐंशी. दीडशेच्या वर सदतीस किलो. मला तोंडी बेरीज करायला वेळ लागला नाही आणि दादालाही लागला नाही, त्यानं आयुष्यभर उसाच्या गाड्या मोजल्यात. तो खाली उतरला, वहाणा पायात सरकवल्या आणि म्हणाला, "तू जा की रं. एखादा हलका गडी घे शेजारी. मी खालनं बघतो. इतकी वर्षं खालनंच बघतोय."

रागानं बोलला असता तर बरं झालं असतं. तो अगदी साधं बोलला, पाण्याची पाळी दुसऱ्याला देऊन टाकावी तसं. मग राग आला, तो माझाच मला. सहा महिने मी फोटोवर भाळून बसलो होतो. हे सगळं ज्याच्यासाठी चाललं होतं त्यालाच मी उतरवायला निघालो होतो.

"दादा, इमान अजून घेतलेलं न्हाई," मी म्हणालो. "तुमी हाय तेवढंच ऱ्हावा. मी इमान बदलतो."

"ते पांढरं? लय आवडलंय की तुला."

"आवडू दे. दुसरं आहे. कापडाचं. पंख रुंद हायती त्याचे. दोनशे किलो माणसं उचलतंय."

"पळतंय का?"

"सावकाश जातंय. मळा बघायचाय ना तुमास्नी? सावकाशच बरं."

हे नुसतं समजुतीला बोललो नाही. बोलता बोलताच मला पक्कं कळलं की हेच विमान आमचं. चाकं डोळ्यांना दिसतात, पंख भार पेलतात, नळी वाकली तर कराडच्या कुठल्याही वर्कशॉपात सरळ करून मिळेल. मी तिथंच कट्ट्यावर बसलो, मोबाइलवर दुसऱ्या विमानाचा फॉर्म उघडला. चालक त्र्याऐंशी. शेजारचा माणूस एकशे चार. दादा खांद्यावरून वाकून बघत होता.

"थांब," तो म्हणाला.

"का?"

"चार नको लिहूस." त्यानं तोंड उसाकडं फिरवलं. "काल दुपारपासनं जेवलो न्हाई मी. पाण्याचा थेंबबी घेतला न्हाई. पहाटं घोंगडं पांघरून बांधावनं दोन तास चाललो, घाम काढला."

बासष्ट वर्षांचा माणूस. कुस्तीच्या वजनाआधी तालमीतली पोरं जे करतात, ते यानं माझ्या दुसऱ्या सीटसाठी केलं होतं. उठलो, माठातनं तांब्या भरला आणि त्याच्या हातात दिला. तो उभ्यानंच घटाघटा प्याला. रिकामा तांब्या पुढं केला. मी परत भरला, तोही प्याला.

मग त्यानं मिशा पुसल्या, घड्याळ हातात घातलं, चंची खिशात टाकली आणि मी न सांगता, वहाणांसकट, परत काट्यावर चढला.

"आता बघ. किती?"

"एकशे सहा."

"तेच लिव्ह." तो काट्यावरच उभा राहिला. "लिवलंस?"

"लिवलं."

"मग जेवाया चल. लय भूक लागलीया."