परक्या बोटीला आमचा दांडा

त्या रविवारी मी डोंबिवलीहून कोलशेतला बाबांकडे गेले, तर भिंतीवरच्या दोन्ही खुंट्या रिकाम्या होत्या.

त्या खुंट्यांवर आमच्या होडीच्या सुकाणूचा दांडा असायचा. होडी विकून अठरा वर्षं झाली, पण दांडा बाबांनी ठेवून घेतला होता. सागाचा, माझ्यापेक्षा थोडा लांब, आणि धरायच्या टोकाला आजोबांच्या नि बाबांच्या तळहातांनी गुळगुळीत झालेला. नारळी पुनवेला त्याला खोबरेल चोळायचं, हळदकुंकू वाहायचं. आई गेल्यापासून हे मी करते. शाळेत रजा टाकून येते. मला ना भाऊ ना बहीण. बाबांच्या मागे तो दांडा माझाच, हे मी मनात केव्हाच ठरवून टाकलं होतं.

"बाबा, दांडा कुठाय?"

"बंदरावर नेलाय. डॉक्टरनीच्या बोटीला लावाचाय."

ते इतक्या सहज म्हणाले, की मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली.

ही डॉक्टरीण म्हणजे वर्तकनगरची दातांची डॉक्टर. माझ्याच वयाची. बाबांची कवळी तिनेच बसवली. मापं घेता घेता तिने त्यांच्याकडून काढून घेतलं, की हा म्हातारा चाळीस वर्षं खाडीत तांडेल होता, होडीवर त्याचा शब्द चालायचा. तिने नुकतीच कुणाची तरी जुनी शिडाची बोट घेतलेली, तीस फुटी, फायबरची. पुलांखालून यावी म्हणून डोलकाठी आडवी करून ती कोलशेत बंदराला आणून बांधलेली. बोटीला मोटारीसारखं चाक होतं. चाकापासून सुकाणूपर्यंत तारा, आणि तारा गंजलेल्या. अर्धं चाक फिरवलं तरी बोट ढिम्म. नव्या तारा घालण्याऐवजी तिला चाकच काढून टाकायचं होतं आणि सुकाणूला थेट दांडा लावायचा होता.

"काका, चाक धरून हाताला काही फीलच होत नाही हो," ती म्हणाली होती म्हणे.

"चाकाला काय कलनार पानी," बाबा म्हणाले. हे संभाषण त्यांनी मला तीनदा ऐकवलं, दर वेळी नवी कवळी दाखवत.

आता माझं सांगते. मी दहा-एक वर्षांची असताना मे महिन्यात बाबांनी मला एकदा होडीत घेतलं होतं. काल्हेरच्या समोर मी दांड्यावर हात ठेवला आणि म्हटलं, मला दे. बाबांनी माझं मनगट दोन बोटांत धरून हात बाजूला केला. रागावले नाहीत. "तुजं काम नाय ते, गो," एवढंच. पुढे होडी विकायची वेळ आली, तेव्हा घेणाऱ्याला म्हणाले, चालवायला कोन हाय आमच्यात? मी तिथेच चहाचा ट्रे घेऊन उभी होते. तोवर मी शिक्षिका झालेले, माझं लग्न झालेलं, पोरगी झालेली. तरी त्या क्षणी मला वाटलं, मी आहे ना.

आणि आता ते एका परक्या बाईला आमचा दांडा देत होते.

मी बंदरावर गेले. जायला नको होतं, पण बघितल्याशिवाय राहवेना. ओहोटी होती, बोट गाळात एका कुशीवर टेकलेली. डॉक्टरीण गुडघ्यांवर बसून चाकाच्या खांबाचे नटबोल्ट उघडत होती, हात ग्रीसने काळे. बाबा शेजारी पाटावर बसून पाना द्यायचे, काढलेल्या तारा गुंडाळून ठेवायचे. मला वाटलं होतं, बाई नुसती उभी राहून माणसांकडून काम करून घेत असेल, मग तिला नावं ठेवता येतील. तेवढंही सुख तिने मला दिलं नाही.

चाक निघालं, खांब निघाला. खाली सुकाणूचा लोखंडी दंड दिसला, माथा चौकोनी. त्या माथ्यावर बसेल आणि दांड्याचं जाड टोक पकडेल, असं स्टीलचं खापण, म्हणजे जोडाची टोपी, बनवून घ्यायला हवं होतं. बाबांनी लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यातून चौकोनाचं माप कापलं आणि माझ्या हातात दिलं.

"तुज्या डोंबिवलीला एमआयडीसी हाय. करून आन."

म्हणजे माझ्याच दांड्याला दुसरीच्या बोटीत बसवायचं सामान मीच आणायचं. मी तो पुठ्ठा पर्समध्ये टाकला आणि तीन आठवडे तिथेच राहू दिला. बाबांचा फोन आला की मी सांगायचे, वर्कशॉप बंद आहे. मग सांगितलं, कारागीर गावाला गेलाय. खोटं बोलायची मला सवय नाही, पण त्या दिवसांत छान जमत होतं. नवरा म्हणाला, "अगं, बाबांना आता कुठे जरा विरंगुळा मिळालाय, तुझ्या का पोटात दुखतंय?" मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही, कारण त्याचं बरोबर होतं.

शेवटी बाबा म्हणाले, "नसल जमत तं मी येतो डोंबिवलीला." अठ्ठ्याहत्तरीतला माणूस जिने चढून येईल, या भीतीने मी दुसऱ्याच दिवशी खापण करून घेतलं. उत्तम झालं होतं. ते वाकडं व्हावं असं मला वाटत होतं, हेही लिहून टाकते.

दांडा बोटीच्या मानाने लांब होता. बाबांनी त्याच्या जाड बाजूचा हातभर तुकडा करवतीने कापला. धरायची गुळगुळीत बाजू तशीच ठेवली. म्हणजे आजोबांचा हात, बाबांचा हात जिथे लागला, ते सगळं तिला गेलं. डॉक्टरणीने कापलेला तुकडा उचलला, फुंकर मारून भुसा उडवला आणि माझ्यापुढे धरला. "हा तुम्ही ठेवा ना, आठवण म्हणून." तिच्या मनात काही वाईट नव्हतं. मी म्हटलं, नको, घरात जागा नाही. रिक्षात बसल्यावर वाटलं, घ्यायला हवा होता.

डोलकाठी उभी झाली आणि एका सकाळी भरतीला आम्ही तिघं निघालो. दोन पुलांच्या मधल्या पाण्यात फिरून यायचं, एवढंच. मला बोलावलं नव्हतं. मी आपणहून गेले.

डॉक्टरीण दांड्याशी बसली. तिची सवय चाकाची. उजवीकडे वळायचं तर तिने दांडाही उजवीकडे ढकलला, आणि बोट डावीकडे थेट तिवरांच्या झाडीकडे निघाली. मला मनापासून आनंद झाला. आता बाबा ओरडतील, अशी मी वाट बघत होते. बाबा हसले. तिच्या हातावर त्यांनी आपला हात ठेवला आणि दांडा सावकाश डावीकडे नेला.

"उलटा असतो गो ह्यो. तू हिकरं ढकललास का होरी तिकरं. आवलू नको. अंडं धरल्यावानी धर."

'गो' म्हणाले. तिला. आणि हात कितीतरी वेळ तसाच ठेवला. मी पाण्याकडे बघत बसले. डोळ्यांत पाणी आलं ते वाऱ्याने आलं, असं कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं.

तासाभराने तिला जमायला लागलं. मग ती शिडाचा गुंता सोडवायला पुढे गेली आणि दांडा बाबांकडे आला. आता नाही विचारलं तर कधीच नाही, असं वाटलं. मी चिडले की माझ्या तोंडी आपोआप घरची बोली येते.

"बाबा, मना कवा नाय शिकवलंस?"

"तू कवा मागलंस?"

"मागलेलं. काल्हेरच्या समोर. तू माजा हात काढलास."

त्यांनी आठवून पाहिलं. अगदी प्रामाणिकपणे, कपाळाला आठ्या घालून.

"मना नाय याद," ते म्हणाले. "मागलं असतंस तं दिला असता की. माजं दुसरं कोन व्हतं?"

चाळीसहून जास्त वर्षं मी ते दोन बोटांचं धरणं मनगटावर वागवत होते, आणि ते त्यांच्या लक्षातही नव्हतं. ते सरकून बसले.

"यं. बस."

मी बसले. मला उलटं-सुलटं शिकवावं लागलं नाही. लहानपणी मागच्या फळीवर बसून मी त्यांचं कोपर इतक्या वेळा पाहिलं होतं. दांडा हातात आला आणि पाणी खालून ओढतं, सोडतं, पुन्हा ओढतं, ते थेट तळव्यात कळायला लागलं. मला खूप आनंद झाला आणि तितकाच राग आला, की हे असं असतं आणि हे मला इतकी वर्षं दिलं नाही.

"काका, ह्यांना तर आधीपासूनच येतं!" डॉक्टरीण पुढून म्हणाली.

"येनारच. माजी पोर हाय."

बंदराकडे वळताना वारा जरा अंगावर आला. बाबा पुढे झुकले आणि त्यांनी माझ्या हातावर आपला हात ठेवला, तिच्या हातावर ठेवला होता तसाच. गरम, खरखरीत, हलका. सकाळपासून मी याच हातासाठी जळत होते.

मी त्यांचं मनगट दोन बोटांत धरलं आणि हात बाजूला केला.

"राहू दे, बाबा."

मी रागावले नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तो हात कुठे ठेवावा, हे त्यांना थोडा वेळ कळेना. मग त्यांनी तो मांडीवर ठेवला आणि बंदर येईपर्यंत समोर बघत बसले.