उन्हाचा नारिंगी

बास्केटबॉलच्या कारखान्यात त्यांना सगळे रंगमास्तर म्हणत. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि तिथंच सुखानं राहत होतं.

मास्तर कामाला लागले तेव्हा चेंडू चामड्याचा आणि जुन्या बुटाच्या रंगाचा असे. लाकडी मैदानावर तो लाकडासारखाच दिसे, आणि बघणाऱ्यांना खेळाडूंच्या हातांवरून त्याचा अंदाज बांधावा लागे. मग चेंडू रबराचा झाला, अंगावर बारीक पुळ्या आल्या, शिवणी जाऊन काळ्या खाचा आल्या. रंग ठरवायची वेळ आली तेव्हा मास्तरांनी सात डबे ढवळून एक नारिंगी काढला. शेवटच्या बाकावरच्या म्हाताऱ्यालाही दिसेल असा. तो पहिला चेंडू नमुना म्हणून त्यांनी टेबलाजवळच्या खिडकीत ठेवला आणि पुढची एकतीस वर्षं प्रत्येक नवा रंग त्याच्याशी ताडून पाहिला. तसूभर फरक पडला नाही, हे ते ज्याला त्याला सांगत. ज्याला ऐकायचं नसे त्याला दोनदा.

निवृत्तीच्या दिवशी त्यांच्या जागी आलेली मुलगी रंग मोजायचं यंत्र घेऊन बसली. मास्तरांचा रंग त्यात एकदा भरला की कायमचा राहणार होता. यंत्रानं नमुना आणि नवा चेंडू तपासला. फरक शून्य. मास्तरांनी यंत्राला पास केलं.

निरोपाच्या चहाला मास्तरांची लेक आली. नारिंगीच्या पहिल्या वर्षी बापानं दिलेला चेंडू तिनं सोबत आणला होता. शाळेच्या संघात घेतलं नाही म्हणून तिनं तो रागानं ट्रंकेत टाकला होता, आणि पुढे राग आणि चेंडू दोन्ही विसरले गेले होते. तिनं तो नमुन्याशेजारी ठेवला आणि सगळ्यांचे कप हातातच राहिले. लेकीचा चेंडू नारिंगी होता. नमुना धुऊन धुऊन विटलेल्या उशीच्या अभ्र्यासारखा दिसत होता.

खिडकीत रोज ऊन येई. नमुना रोज कणभर विटत होता आणि मास्तर इमानानं त्याच्याशी जुळवत होते.

ट्रंकेतलाच चेंडू खराब निघाला असेल, अशी साहेबांनी वाट काढून दिली. सगळ्यांनी माना डोलावल्या. मास्तरांनी फक्त हो म्हणायचं होतं; एकतीस वर्षांची अब्रू तेवढ्यावर वाचत होती. त्यांना रडू येत होतं. पण कामाच्या जागी ते कधी रडले नव्हते, आणि शेवटच्या दिवशी सवय मोडणं बरं नव्हे.

त्यांनी लेकीचा चेंडू उचलून त्या मुलीच्या हातात दिला. "यंत्रात हा भर, बाळ. माझा रंग हा. खिडकीतला तो उन्हाचा आहे."

मुलीनं दोन्ही चेंडू तपासले. या वेळचा आकडा तिनं मोठ्यानं वाचला नाही.

आठवण म्हणून कारखान्यानं मास्तरांना जुना नमुनाच दिला. बायकोनं तो शोभेला म्हणून खिडकीत ठेवला. मास्तर जेवता जेवता उठले आणि त्यांनी तो नेऊन ट्रंकेत ठेवला.

"आता उन्हातून काढून काय उपयोग?" बायकोनं विचारलं.

"सवय लावून घेतोय," मास्तर म्हणाले.