पेन्शनर मामा आणि माझी दुपार

आमचे सासरे नोकरीतून मोकळे झाले, आणि त्यापुढे तीसएक वर्षं दारापुढच्या तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, बसून राहिले. वर्तमानपत्र दोनदा वाचायचं, जाणाऱ्यायेणाऱ्याला हटकायचं, आणि मधूनमधून आत तोंड करून सासूबाईंना विचारायचं, "काय चाललंय?" सासूबाई मला म्हणत, "पोरी, नवऱ्याची पेन्शन सरकार देतं. त्याची दुपार मात्र बायकोच्या पदरात टाकतं."

घराणं दीर्घायुषी. त्यामुळे यांच्या एग्मोरच्या ऑफिसातलं शेवटचं वर्ष सुरू झालं, तशी मी तयारीला लागले. पेन्शनीचे कागद त्यांनी बघावेत, त्यांच्या दुपारचं काय ते मी बघते, अशी वाटणी मनाशी केली. गल्लीच्या टोकाला वाचनालय होतं. कोपऱ्यावर एका घरी दुपारचं भजन चाले. मांबलम स्टेशनावर एक बाक होतं, तिथे सगळे पेन्शनर जमत. मी एकेक जागा सुचवत गेले. हे प्रत्येकीला "बरं" म्हणाले. प्रत्येक गोष्टीला बरं म्हणणारा माणूस त्यातली एकही करत नाही, हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

एवढी काळजी मला त्यांच्यासाठी वाटत होती असं कुणी समजू नये. मला माझी दुपार वाचवायची होती. जेवणं आटोपली की गल्लीतल्या चारपाच बायका आमच्या हॉलात येत, झोपाळ्यापुढे चटई पडे आणि पल्लांगुळीचा पाट निघे. लाकडी पाट, दोन्ही बाजूंना सातसात खळगे, त्यांत चिंचोके. एका खळग्यातले उचलायचे, पुढे एकेक पेरत जायचं, आणि रिकाम्या खळग्यापलीकडचे सगळे आपले. खेळायला दोघी, सल्ले द्यायला बाकीच्या. या खेळात मला हरवणारी गल्लीत अजून यायची होती, असं सगळे म्हणत. म्हणजे मी म्हणत असे आणि बाकीच्या गप्प बसत. घरात माझं असं काही असेल तर ते एवढंच.

शेवटच्या दिवशी हे निरोपाचा हार घालून घरी आले. वाचनालयात चार दिवस गेले. "पंख्याखालच्या जागा आधीच धरलेल्या असतात." भजनात यांचा आवाज मागे राहायचा. स्टेशनावरच्या बाकाचंही तेच झालं. "सगळे नुसतं रक्तदाबाबद्दल बोलतात गं." पुढच्या आठवड्यात दुपारी बघते तो हे झोपाळ्यावर.

आधी नुसते बघत. मग "हं" म्हणू लागले. एक दिवस तिसऱ्या घरची मामी माझ्यापुढे अडकली. या गावात थोरली बाई ती मामी, म्हणून मीही मामी, आणि आमचे हे आपोआप मामा. झोपाळ्यावरून मामा हळूच म्हणाले, "मामी, डावीकडचं चौथं उचलून बघा." तिने उचललं आणि माझी अर्धी रांग साफ झाली.

तेव्हापासून बायका माझ्याआधी झोपाळ्याकडे बघायच्या.

"मामा किती शांतपणे समजावतात."

"मी इतकी वर्षं समजावतेच आहे की."

"तुम्ही समजावत नाही मामी, तुम्ही रागावता."

भाचीच्या लग्नाला मी आठवडाभर तंजावरला जाऊन आले. आल्याआल्या तिसऱ्या घरच्या मामीला विचारलं, "माझ्यावाचून फार अडलं का हो?" ती माझा हात धरून म्हणाली, "छे छे, मामा होते ना." मला बरं वाटावं म्हणून म्हणाली बिचारी. त्याचाच जास्त राग आला.

त्या दिवशी बायका गेल्यावर मी झोपाळ्याची साखळी धरली.

"अहो, तुमच्या ऑफिसातल्या खुर्चीवर मी कधी येऊन बसले का?"

"नाही."

"मग?"

 ह्यांनी अगदी खरोखर विचारलं, "मग मी कुठे बसू?"

वर्षभर मी याच प्रश्नाची उत्तरं जमवली होती. ती सगळी आता वापरून झाली होती. शेवटी मोठ्या मनाने म्हटलं, "मंगळवार आणि शुक्रवार तुमचे. बाकीचे दिवस माझे."

ज्यांना हे गाव माहीत आहे ते इथे हसतील. मंगळवारी-शुक्रवारी इथल्या बायकांचं डोक्यावरून तेलाचं न्हाणं, समया घासायच्या, संध्याकाळी देऊळ. त्या दुपारी खेळायला कोण रिकामं असतं? ह्यांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. "दोन दिवस पुष्कळ झाले," असं इतक्या समाधानाने म्हणाले की मला क्षणभर लाज वाटली. क्षणभरच.

मंगळवारी कोणी आलं नाही. हे पाट मांडून बसले आणि दोन्ही बाजूंनी आपणच खेळले. मी दाराआडून बघितलं आणि निवांत कॉफी घेतली.

शुक्रवारी मी मागच्या अंगणात चिंच लावून समया घासत होते, तर हॉलातून हसणं ऐकू आलं. तशीच मोकळ्या केसांनी आत गेले. पाचही जणी हजर, सगळ्यांच्या ओल्या केसांना टोकाशी गाठी. मामांचा वार म्हणून न्हाणं-घासणं सकाळीच उरकून आल्या होत्या. माझ्यासाठी असं कधी कोणी उरकलं नव्हतं.

"या मामी, बसा ना," तिसऱ्या घरची मामी सरकली आणि मला चटईचं टोक दिलं. माझीच चटई.

मी हात पुसले आणि सरळ ह्यांच्यासमोर बसले.  या खेपेला सल्ला कोणी दिला नाही. मी रागाने खेळले, पण चूक केली नाही, आणि शेवटी ह्यांच्या बाजूला पेरायला चिंचोका उरला नाही. हे मान खाली घालून रिकामे खळगे बघत राहिले. मी पदर सावरला आणि सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं.

तिसऱ्या घरच्या मामीचा चेहरा आनंदाने फुलला होता.

"बघा," ती बाकीच्यांना म्हणाली, "मामांनी शिकवलं की कोणालाही येतं."