एकशे अठ्ठेचाळीस ग्रॅम

उस्तादांना वस्तूचं वजन तळहातावर कळायचं. स्क्रू असो की मोटर, हातात घेऊन दोनदा खालीवर करायचे, आकडा बोलायचे आणि मग काट्यावर ठेवून दाखवायचे. तीन-चार ग्रॅमपलीकडे चूक मी कधी पाहिली नाही, आणि मी पडताळा घेणारा माणूस आहे.

अकोल्यात त्यांचं मोटारी वाइंडिंगचं दुकान होतं. मी जळालेली कूलरची मोटर घेऊन गेलो आणि छताला टांगलेली सहा रिमोटची विमानं पाहत उभाच राहिलो. "वर काय पाहून राहिला बापा? कूलर वर उडते का तुमचा?" ही आमची ओळख. विमानाला ते जहाज म्हणत. मी कचेरीत आकडेमोड करतो हे कळल्यावर मला मुनीम म्हणू लागले. पुढच्या अकरा वर्षांत माझं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही.

विमान बनवायला शिकणारे नवशिके येत आणि आधी मोटर विचारत. "सोयरिक जमली नाही अन् पाळणा पाहून राहिला?" उस्ताद म्हणत. त्यांचा क्रम ठरलेला. आधी जहाजाचं वजन, मग ते हळू उडवायचं की जोरात, त्यावरून नाकावरचा पंखा, पंख्यावरून मोटर. हळू उडायचं तर मोठा पंखा आणि कमी फेऱ्यांची मोटर. ब्रशलेस मोटरीचं त्यांना भारी कौतुक. "हिच्यात कार्बनच नाही. घासणार काय अन् जळणार काय? आपल्या पोटावर पाय हाय, पण चीज चांगली." बॅटरी सगळ्यात शेवटी, आणि लागेल तेवढीच. "जहाज उपाशी पोटी चांगलं उडते. जेवलं का सुस्तावलं."

मग त्यांना काचबिंदू निघाला. अमरावतीच्या डॉक्टरांकडे मीच घेऊन गेलो. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली किती टिकेल सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. परतीच्या एसटीत मूर्तिजापूर आलं. उस्ताद म्हणाले, "आखरी जहाज बनवतो, मुनीम. नजर हाय तवर आपल्या हातानं उडवतो. ज्या दिवशी दिसलं नाही, त्या दिवशी रिमोट खाली. जिद नाही करणार. कोणाच्या डोक्यात पडलं तं?"

हिवाळाभर ते जहाज बनवत होते. पंख वरून पिवळे, खालून काळे, म्हणजे कुठे कलतंय ते कमी नजरेलाही कळावं. सगळं धरून वजन आठशे सत्तर ग्रॅम. बारीक अक्षर वाचता येत नव्हतं, म्हणून खरेदी माझ्याकडे. "तीन सेलची, बावीसशे एमएएचची बॅटरी. तिच्याहून मोठी नाही."

मी हिशोब केला. त्या बॅटरीवर बारा मिनिटं मिळत होती. पुन्हा कधी उडवतील कोण जाणे, आणि फक्त बारा मिनिटं! चार हजार एमएएचच्या बॅटरीवर वीस मिळत होती. वजन एकशे अठ्ठेचाळीस ग्रॅमनं वाढत होतं, पण मोटर तेवढं ओढणार होती. मी न विचारता मोठी आणली.

फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच अकोट रस्त्यावर कपाशीची पऱ्हाटी उपटलेल्या एका वावरात गेलो. बॅटरी मी बसवली, तोल बरोबर जुळवला. उस्तादांनी जहाज तळहातावर घेतलं, दोनदा खालीवर केलं.

"मुनीम, भारी हाय."

"आठशे सत्तर," मी म्हणालो.

ते स्वतःच्या हाताकडे पाहत राहिले. "मंग हात म्हातारा झाला."

तीन मिनिटं जहाज सुरेख उडालं. उस्ताद हसत होते. मग वळण घेताना नीट दिसावं म्हणून त्यांनी वेग अगदी कमी केला. हलकं जहाज तेवढ्यावर तरंगलं असतं. जड जहाजाचा एक पंख खाली गेला आणि ते सरळ काळ्या मातीत घुसलं. मी मोटरीची ताकद मोजली होती. ते किती हळू उडवतील हे मोजलं नव्हतं.

"मले वाटलं ते सरळच हाय," ते म्हणाले. "दिसलंच नाही, मुनीम." आणि त्यांनी रिमोट जमिनीवर ठेवला.

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी तुकडे गोळा करत राहिलो. महिन्याभरात छताची सहाही जहाजं त्यांनी वाटून टाकली, तरी मी बोललो नाही. आज सांगू, उद्या सांगू करत दिवाळी आली. तोवर त्यांना फक्त उजेड-अंधार कळत होता. त्यांच्या बाजेवर बसून मी सगळं सांगितलं.

"किती?" त्यांनी विचारलं.

"एकशे अठ्ठेचाळीस."

मी शिव्यांची वाट पाहत होतो. त्यांनी रिकामा तळहात दोनदा खालीवर केला. मग हळूच म्हणाले, "म्हणजे त्या दिवशी मले दिसत होतं."

"हो, उस्ताद."

"मे सरेपर्यंत तं मी समोरच्या दुकानाची पाटी वाचत होतो." चाचपडत त्यांनी माझा हात धरला. "तुनं बुरं नाही चाहलं. पण मले विचारायचं तं होतं रे."

पुढच्या थंडीत उस्ताद गेले. फेब्रुवारी ते मे, चार महिने त्यांच्याकडे नजर होती आणि ते घरात बसून राहिले. रोज एकच उड्डाण धरलं, अगदी बारा मिनिटांचं, तरी ती एकशे वीस होतात.