साखरेचं नाव

रहिमतपूरच्या आकारामचं लहानपण उसात गेलं होतं. पलटणीत भरती झाल्यावर तो आधी मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, आणि चव्वेचाळीस साली इटलीत पोचला. तिथल्या एका खेड्यात एका म्हातारीनं त्याला पेलाभर दूध दिलं. त्यानं आपल्या शिध्यातली साखर तिच्या हातावर ठेवली. चिमूटभर जिभेवर टाकून, डोळे मिटून ती म्हणाली, "झुक्केरो."

आकाराम चमकला. सायबाची शुगर, मिसरी दुकानदाराचं सुक्कर आणि आता हे. त्यानं सोबतच्या मिरजेच्या कुतुबुद्दीनला विचारलं, "गड्या, ह्यांनी आपला शबुद कवा उचलला रं?"

"आपली साखर अरबांनी नेली, त्यांच्याकडनं ह्यांनी घेतली. मालासंगं नावबी गेलं."

मग आकारामनं म्हातारीला सावकाश म्हणून दाखवलं, "साखर." तिनंही हसत म्हटलं, "साकर." तुकडी गावात होती तोवर तो रोज तिच्या अंगणात जाऊन बसे.

लढाई संपून तो घरी आला, तेव्हा बायकोनं, मनुबाईनं विचारलं, "आवं, परमुलखात लय एकटं वाटलं आसंल न्हवं?"

"वाटायचं," आकाराम म्हणाला, "पर त्या म्हातारीच्या अंगणात न्हाई."