पारोशी तबकडी

गुंडोअण्णांच्या घरात दोन गोष्टी पारोशा चालत नसत. एक माणूस आणि दुसरी तबकडी. माणसाला तापबीप आला तर एखाद्या दिवसाची माफी मिळायची, तबकडीला तीही नाही. बाहेरून आलेली कुठलीही तबकडी आधी न्हाणार, सुकणार, मगच तिच्यावर सुई टेकणार.

चामराजपेटच्या त्या दोन खोल्यांत बेंगळूरूभरच्या शौकिनांच्या तबकड्या यायच्या. जॅझ, हिप हॉप, सोलफुल हाउस, काय वाट्टेल ते. टेलिफोनच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून अण्णा त्या धुऊन द्यायचे, ऐकायचे आणि वर दर्जाची चिठ्ठी लावायचे. ‘उत्तम’, ‘बरी’, ‘ओरखडे आहेत, घेऊ नका’. पहिल्या खाचेपासून शेवटच्या खाचेपर्यंत ऐकल्याशिवाय चिठ्ठी लिहायची नाही, आणि चिठ्ठीवर खोटं लिहायचं नाही. भीमाचार्य म्हणून एक जुनं गिऱ्हाईक होतं. ते एकदा म्हणालं, “अण्णा, स्वल्प चांगलं लिहा की, विकायची आहे.” अण्णांनी काय करावं? त्याची अख्खी पेटी उचलून रिक्षात नेऊन ठेवली. असा खवट माणूस! पण कान असा, की नुसत्या खरखरीतून ते गाणं ओळखायचे. इंदिरानगरची पोरं म्हणायची, गुंडोअण्णांना खरखरीच्या मागचंही ऐकू येतं.

आणि एवढ्या कानाच्या माणसानं पोटच्या पोराचं गाणं तेवढं पुरतं ऐकलं नाही.

कार्तिक त्यांचा एकुलता एक. आठवडाभर ऑफिसात मान मोडायची आणि शनिवारी इंदिरानगरच्या एका पबात तबकड्या लावायच्या, हा त्याचा नेम. कान बापाचा घेतला, पण जीव जडला तो हाउसवर. खाली ढोल एका लयीत चालू राहतो आणि वर कुणीतरी काळीज काढून गातं, ते त्याला आवडायचं. एकदा स्वतः केलेलं गाणं तो लॅपटॉपवर घेऊन आला आणि बापाच्या कानाला हेडफोन लावला. दोन मिनिटांत अण्णांनी तो काढून ठेवला.

“हा ढोल थांबणार कधी? कुणाची वरात आहे काय?”

कार्तिक हसला, पण त्याचं तोंड उतरलं होतं. “अण्णा, लोकांची घासलेली तबकडीसुद्धा तुम्ही शेवटपर्यंत ऐकता. मला दोन मिनिटांत नापास?”

“तू तबकडी करून आण. मग शेवटपर्यंत ऐकतो.”

बोलून गेले. बापमाणसं बोलून जातात, त्यांना कुठं माहीत असतं!

त्यानंतर तीन महिन्यांनी कार्तिक गेला. शहराबाहेरच्या आनेकलहून परत येताना त्याची मोटरसायकल लॉरीखाली आली. पाठीवरच्या पिशवीतल्या लॅपटॉपचाही चुरा झाला. आनेकलला त्याचं काय काम होतं, हे दीड वर्ष घरात कुणाला उमगलं नाही. त्याची आई, पद्मावतीअक्का, जेवायला वाढता वाढता मध्येच थांबायच्या आणि विचारायच्या, “तिकडं का गेला असेल हो तो?”

त्याचं उत्तर एका रविवारी सकाळी दारात येऊन उभं राहिलं. हर्षिता, पुण्याहून नोकरीसाठी आलेली मुलगी. पबात कार्तिकबरोबर तबकड्या लावायची. तिच्या छातीशी एक चौकोनी पाकीट होतं.

“काका, आनेकलला एकाच्या शेडमध्ये तबकडी कापायचं, म्हणजे तिच्यावर गाणं कोरायचं मशीन होतं. कार्तिक त्या दिवशी तिथेच गेला होता, गाणं आणि हे पाकीट द्यायला. चार दिवसांनी कलेक्ट करणार होता. आता तो माणूस शेड बंद करतोय, सामान आवरताना ही सापडली, तेव्हा त्यानं मला बोलावून सगळं सांगितलं. एकच कॉपी आहे. फाइल त्यानं ठेवलेली नाही.”

पाकिटावर कार्तिकचं अक्षर. ‘अण्णांसाठी. शेवटपर्यंत.’

“तू ऐकलीस?” अण्णांनी पाकीट हातात घेत विचारलं.

“नाही काका. आधी तुम्ही.”

अण्णांनी तबकडी बाहेर काढली. हाताला जड लागली. पोरानं माल भारी वापरलाय, म्हणून त्यांना बरंच वाटलं. पण वर पांढुरका थर बसला होता. दीड वर्ष दमट शेडमध्ये पडून बुरशी धरली असणार. पोराची तबकडी, आणि ती अशी? पारोशी? छे, शक्यच नाही! “पाच मिनिटं थांब, न्हाऊ घालतो,” म्हणून ते मोरीशी गेले. हर्षिता स्वयंपाकघरात अक्कांजवळ कॉफी घेत बसली. काकांएवढं जाणतं माणूस, त्यांना काय सांगायचं, असं तिला वाटलं.

नेहमीप्रमाणे त्यांनी मधल्या लेबलवर रबराची टोपी दाबून बसवली, म्हणजे कागद भिजत नाही. बुरशीसाठी पाण्यात नेहमीपेक्षा दुप्पट स्पिरिट घातलं. लाखेच्या जुन्या तबकड्यांना स्पिरिट चालत नाही, हे त्यांना पाठ होतं. पण ही तर काल-परवाची, प्लास्टिकचीच असणार. मऊ फडक्यानं ते गोल गोल पुसत राहिले, लहानपणी त्याचं डोकं पुसायचे तसे. फडकं काळं झालं. किती मळलीय बघ, म्हणत त्यांनी दुसरं घेतलं. तेही काळं झालं.

मळ इतका काळा नसतो. अण्णांचा हात थांबला.

“हर्षिता! ए पोरी, इकडं ये!”

ती धावत आली, फडकं बघून तिथंच खाली बसली. “काका, ही प्लास्टिकची नाही. मशीनवर कापलेली आहे, ॲल्युमिनियमवर लॅकरचा लेप असतो, गाणं त्यातच कोरलेलं असतं. तो पांढरा थर त्यातूनच सुटतो, बुरशी नाही ती. स्पिरिटनं लॅकर विरघळतं... काका, मी सांगायला हवं होतं.”

“तू कशाला? मी शहाणा ना!” अण्णांनी फाडकन स्वतःच्या तोंडात मारली. “करायला गेलो गणपती नि झाला मारुती. माझ्या हातानं पुसला गं मी त्याला, माझ्या हातानं!”

तरी त्यांनी तबकडी लावली. सुई टेकली आणि खरखर सुरू झाली. नुसती खरखर. ना ढोल, ना आवाज. हर्षिता रडत म्हणाली, “बंद करा काका.”

“नाही. शेवटपर्यंत ऐकतो म्हणालो होतो.”

अकरा मिनिटं ते कान लावून बसले. पदराचा बोळा तोंडात धरून अक्का दाराशी उभ्या होत्या. सुई सरकत सरकत लेबलाजवळ आली. कार्तिकनं तबकडी काठोकाठ भरली होती, शेवटच्या दोन-चार खाचा रबराच्या टोपीखाली गेल्या होत्या. तिथं स्पिरिट पोचलं नव्हतं. अचानक खरखर गळून पडली, ढोलाचे दोन ठोके आले, आणि खोलीत कार्तिक बोलला.

“संपलं! पूर्ण ऐकलंत ना, अण्णा? मग आता खरं सांगा, कसं झालंय?”

पुढं सुई नुसती टक टक करत राहिली.

अण्णांनी खणातून चिठ्ठी काढली. एक शब्द लिहायला त्यांना दोन मिनिटं लागली. ‘उत्तम.’ चिठ्ठी त्यांनी पाकिटाला लावली. “छान झालंय रे,” ते तबकडीला म्हणाले, “फार छान झालंय.” जन्मात एका चिठ्ठीवर खोटं लिहिलं नव्हतं त्यांनी.

पद्मावतीअक्का जवळ आल्या आणि त्यांच्या गुडघ्याशी बसल्या.

“लोक म्हणतात, तुम्हाला खरखरीच्या मागचंही ऐकू येतं,” त्या म्हणाल्या. “मग मलापण सांगा की हो. काय गात होता तो?”